तिला मी येतो

मुलीला शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावरची फाईल उचलली आणि माझ्या तोंडासमोर आडवी धरली. घडलं ते एवढंच. तोपर्यंत सगळं झकास चाललं होतं. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन मी बसलो होतो, समोर माझी मुलगी ठकी, मध्ये चार रंगांचे चार ठोकळे. मी म्हणायचं, "ठके, लाल दे," की तिने लाल द्यायचा. "पिवळा दे," की पिवळा. निळा, हिरवा, परत लाल. एकदाही चुकली नाही, आणि दर वेळी मी बाईंकडे असा बघत होतो जसा काही लाल रंग मीच शोधून काढलाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला अजून अर्धं मिनिट अवकाश होता. फाईल मध्ये आली. पलीकडून बाई म्हणाल्या, "आता विचारा." मी विचारलं, "ठके, लाल दे." काहीच नाही. मला खाकी पुठ्ठा दिसत होता आणि त्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं तिचं वय, वर्षं सात. मग पुठ्ठ्याच्या डाव्या कडेने एक डोळा आला. ठकी खुर्चीतून निम्मी उठून, वाकून, माझं तोंड शोधत होती. बाईंनी फाईल डावीकडे सरकवली तर ती उजवीकडून आली. शेवटी तिने दोन्ही हातांनी फाईल खाली ओढली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि लाल ठोकळा उचलून माझ्या हातावर ठेवला. हसलीसुद्धा. बाई हसल्या नाहीत. चांगल्या बाई आहेत, उगाच लागेल असं बोलत नाहीत, त्यामुळे पुढचं वाक्य त्यांनी फार सावकाश म्हटलं. "तिला रंग येत नाहीत हो. तिला तुम्ही येता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी लाल म्हटलं की माझे डोळे आधी लालकडे जातात. तिचा हात निळ्यावर गेला की माझ्या भुवया जवळ येतात, लालवर आला की सुटतात. ठकी ठोकळ्यांकडे बघतच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत ठोकळ्यांवरून हात फिरवते, आणि तोंड सुटलं की थांबते. "ही हुशारीच आहे, हिला कमी समजू नका," बाई म्हणाल्या, "पण तपासणीच्या खोलीत तुम्ही नसणार." तपासणी तीन आठवड्यांवर होती. मोठ्या शाळेत ठकीसारख्या आठ मुलांचा एक छोटा वर्ग आहे, दोन शिक्षिका, स्वतंत्र खोली, आणि त्यात एक जागा रिकामी होणार होती. बाईंच्या केंद्रात आठ वर्षांपर्यंतच ठेवतात. त्यानंतर मोठी शाळा, नाहीतर घर. तपासणीत दहा कामं सांगतात, सहा जमली की जागा. आईबापांनी बाहेर बाकावर बसायचं. आणि ठकीचं नाव बाईंनी पुढे पाठवलं होतं ते माझ्या जोरावर, म्हणजे चौदा महिने दर आठवड्याला मी घरून भरून आणलेल्या कागदांच्या जोरावर. घरचा कागद, असंच आम्ही त्याला म्हणतो. रोजचा एक, त्यावर त्या आठवड्याची कामं लिहिलेली असतात: अंड्यांच्या ट्रेमध्ये बटणं लावणं, लहानमोठे चमचे वेगळे करणं, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, मोज्यांच्या जोड्या, रंग. प्रत्येकापुढे दोन घरं, "स्वतः केलं" आणि "नाही". माझ्या कागदांवर सगळ्या खुणा पहिल्या घरात. खोटं लिहिलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं, खोटं माणसाला ठाऊक तरी असतं. मी शपथेवर खरं लिहीत होतो.

केंद्रापासून आमचं घर चालत पंधरा मिनिटं. ठकी माझं बोट धरून अर्धं पाऊल पुढे चालते आणि सारखी मागे वळून माझ्याकडे बघते. मला ते फार आवडायचं. पोरीला बापाचा लळा आहे, मी चारचौघांत सांगायचो. त्या दिवशी पहिल्यांदा त्या बघण्याचं ओझं वाटलं. चौकात आम्ही थांबलो तर ती दिव्याकडे बघत नव्हती, गाड्यांकडे बघत नव्हती, माझ्या तोंडावर हिरवा लागतोय का ते बघत होती. मी मुद्दाम तोंड मख्ख केलं. दिवा लागला, लोक निघाले, ठकी जागची हलेना. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो चला ना, सुटलाय की." मी पाऊल उचललं तशी तिनेही उचललं. ठकी हे तिचं लाडाचं नाव, माझ्या बहिणीने ठेवलेलं. लहानपणी ठेवाल तिथे ठेवाल तशी बसायची, लाकडी बाहुलीसारखी, म्हणून ठकी. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता घरी जाईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं, की ठकी ती आणि ठकलो मी. चिडायचं तरी कोणावर? तिने फसवलं नव्हतं. मी विचारत होतो ते ती देत होती. मला लाल ठोकळा हवा होता थोडाच. मला हवा होता माझ्याच तोंडावरचा आनंद, आणि तो ती बिनचूक काढून देत होती.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची आणि भिंगं बदलत विचारत राहायचं, पहिलं बरं की दुसरं, हे की हे. अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, की माणसाला नीट दिसण्यापेक्षा बरोबर उत्तर देण्याची हौस जास्त असते. हाताखाली शंभर माणसं असलेले साहेब त्या खुर्चीत बसले की शाळकरी होतात. "दुसरं. नाही नाही, पहिलं. बरोबर ना?" मी सांगतो, इथे बरोबर आणि चूक असं काही नसतं, तुम्हाला दिसतं ते सांगा. दिवसातून पन्नास वेळा सांगतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, तोंड पुसलेल्या पाटीसारखं ठेव, नाहीतर गिऱ्हाईक तुझ्या मनातला नंबर नाकावर घालून जाईल. एकदा एक आजोबा तक्ता पाठ करून आले होते. गाडी चालवायचा परवाना संपत होता. खालची बारीक ओळ त्यांनी घडाघडा म्हटली. मी तक्ता बदलला. त्यांनी परत तीच ओळ म्हटली, तितक्याच जोरात. मी हसलो नाही, भुवईसुद्धा हलवली नाही, नुसतं विचारलं, "परत एकदा सांगता?" आमचे मालक म्हणतात, तुझ्या तोंडावरून तू जिवंत आहेस की नाही हेसुद्धा कळत नाही. त्याचा मला अभिमान होता. आणि घरी आलं की मी नुसता काचेचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर अंधार दुकानात आणि सगळा उजेड घरी सांडलेला. परक्या पन्नास माणसांना रोज जे सांगतो, की दिसतं ते सांग, चुकलं तर चुकलं, ते पोटच्या पोरीला चौदा महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं.

बायको दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. सकाळची पाळी, दुपारी तीनला घरी. मी आलो तेव्हा ती पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. मी सांगितलं. ती वळली नाही, हात चालू होते. "म्हणजे चौदा महिने?" तिने विचारलं. "चौदा." "आणि मला काय म्हणायचास?" मी काय म्हणायचो ते दोघांनाही ठाऊक होतं. मंगळवार आणि गुरुवार मला दुकानातून यायला उशीर होतो, त्या दिवशीचा कागद ती करायची, आणि तिच्या कागदावर निम्म्याहून जास्त फुल्या. मी म्हणायचो, तुला संयम नाही. तू नीट विचारत नाहीस. एकदा तर मी बाईंना तिच्यासमोर सांगितलं होतं, हिच्या दिवशीचं फार मनावर घेऊ नका. "मी नीटच विचारत होते," ती म्हणाली, "फक्त तिच्या तोंडाला तोंड लावून बसत नव्हते. मला कामं असतात." ठकी तेवढ्यात आली, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि बाहेर निघून गेली. बायकोने एक उशीचा अभ्रा झटकला. मग, राग वगैरे काही नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझं तरी काय वेगळं आहे? तू जेवायला बसलास की पहिल्या घासाला मी तुझ्या तोंडाकडे बघते. मग ठरतं, आज जेवण जमलंय की नाही. मला काय जीभ नाही?" मला हे ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतोय. मी म्हटलं, "मी कधी नावं ठेवली का?" "नावं कशाला ठेवायला हवीत," ती म्हणाली, आणि अभ्र्याची घडी घातली.

त्या रात्री झोप लागली, उगाच नाही लागली असं सांगत नाही. पण सकाळी दाढी करताना आरशात बघितलं तर वडिलांची भुवई दिसली. वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन आले की मला समोर बसवून पाढे म्हणून घ्यायचे. मला पाढे येत नव्हते. मला वडील येत होते. सात आठे म्हटलं की मी थांबायचो, चोपन्न म्हणायला तोंड उघडायचो, त्यांची डावी भुवई किंचित वर जायची, मी चोपन्न गिळायचो, पंचावन्न जिभेवर आणायचो, भुवई तिथेच, छप्पन्न, भुवई खाली. "सात आठे छप्पन्न!" मी ओरडायचो. शेजारी म्हणायचे पोरगं तल्लख आहे. शाळेत मात्र सात आठे विचारलं की मी फळ्याकडे बघत उभा, कारण मास्तरांना भुवयाच नव्हत्या म्हटलं तरी चालेल, असलं गुळगुळीत तोंड. घरी येतं आणि शाळेत येत नाही म्हणजे पोरगं लबाड आहे, असं ठरलं आणि दोन्हीकडून मार बसला. अजूनही सात आठे म्हटलं की मला आधी भुवई दिसते आणि मग आकडा. फरक एवढाच, की मी भीतीने शिकलो आणि ठकी लाडाने. लाड म्हणजे काही वाईट गोष्ट नाही. पण भीती काय आणि लाड काय, पाढे आणि ठोकळे मधल्या मध्ये राहिले. वडिलांना कोणी सांगितलं नाही. मला निदान बाईंनी सांगितलं.

मग मी कामाला लागलो. दुकानातून सगळ्यांत काळा गॉगल आणला आणि तो लावून ठोकळ्यांसमोर बसलो. ठकीला आधी हसू आलं. मग ती माझ्या हनुवटीकडे बघायला लागली. तीन चुकांनंतर चौथ्यांदा लाल बरोबर दिला. हनुवटी! हनुवटीने मी काय सांगत होतो कोण जाणे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तिने मधोमध बोट घालून भोक पाडलं आणि त्यातून बघितलं. तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीमागे बसलो, तर तिने मान मागे टाकली, इतकी टाकली की डोकं माझ्या मांडीवर आलं, आणि उलट्या तोंडाने माझ्याकडे बघून हसायला लागली. मीही हसलो. हसल्यावर तिने ठोकळा उचलला, कुठलातरी. आठवडा असा गेला. शनिवारी मी डोळे मिटले, ओठ मिटले, मान खाली घातली, हात पुढे केला आणि म्हटलं, "लाल." बराच वेळ काही झालं नाही. मग तिने चारही ठोकळे एकामागून एक माझ्या ओंजळीत टाकले. घ्या बाबा, ह्यातला कुठला हवाय तो घ्या आणि डोळे उघडा. मी डोळे उघडले नाहीत. ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, आणि राग तिचाच आला. सांगायला लाज वाटते, पण आला. दोन आठवडे राहिलेत आणि ह्या पोरीला माझ्या थोबाडाशिवाय जगात काही दिसत नाही, असं मोठ्याने म्हणालो. आतून बायको म्हणाली, "ओरडू नकोस तिच्यावर." मी ओरडत नव्हतो. पण तिला ओरडल्यासारखं ऐकू आलं असेल तर मग ओरडलोच असेन.

रविवारी कपाटातून जुने कागद काढले. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी राहते. पलंगावर ओळीने मांडले, माझे एकीकडे, तिचे एकीकडे. माझे बघायचं कारण नव्हतं, सगळे एकसारखे, एक कागद बघितला की सगळे बघितले. तिचे मात्र मी पहिल्यांदा वाचत होतो. फुल्यांच्या बाजूला तिने घाईघाईत काहीबाही खरडलं होतं. "बटणं कपाटाखाली सारली." "पाणी माझ्या अंगावर." "रंग: ऐकतच नाही." "आज मलाच झोप येत होती." आणि मग, सुमारे आठ महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी, "मोजे" ह्या कामापुढे पहिल्या घरात खूण. पुढच्या मंगळवारी परत. त्यानंतर एकही चुकलेली नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं, "याचे काळे आणि माझे काळे वेगळे काढले!" उद्गारचिन्हासकट. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हिला मोजे येतात?" "येतात की," बायको म्हणाली, "मी घड्या घालते, मोजे तिच्यापुढे टाकते, ती जोड्या लावते. त्यात काय." "मला सांगितलं नाहीस." "लिहिलं होतं. तू वाचायचास कुठे? तू फुल्या मोजायचास."

मंगळवारी मालकांना सांगून लवकर निघालो आणि दाराचा आवाज न करता घरात शिरलो. स्वतःच्या घरात चोरासारखा. बायको दाराकडे पाठ करून घड्या घालत होती, तोंडाने कसलंतरी पुटपुटत, बहुतेक दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी. ठकी जमिनीवर, समोर मोज्यांचा ढीग. ती मोजा उचलायची, त्याचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळायची, वरचं रबर ताणून बघायची, मग ढिगात हात घालून चाचपत राहायची आणि जुळा बाहेर काढायची. रंगाशी तिला देणंघेणंच नव्हतं. माझे काळे विरलेले, बायकोचे काळे जाड, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. पण मी मोज्यांकडे बघत नव्हतो, मी तिच्याकडे बघत होतो. खालचा ओठ पुढे आलेला, डोळे अर्धे मिटलेले, नाकपुडी फुगलेली. हे तोंड मी सात वर्षांत पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसा? मी असलो की ते तोंड माझ्याकडे वळलेलं असतं, माझ्याच तोंडाचं काहीतरी घेऊन. हे तिचं एकटीचं होतं, एखाद्या म्हाताऱ्या कारागिराचं असावं तसं, आणि मला, तिच्या बापाला, ते दाराआडून चोरून बघावं लागत होतं. मग फरशी वाजली की काय, तिने वर बघितलं. तोंड क्षणात बदललं, फुललं, "बा!" म्हणाली. तिला दहा-बारा शब्द येतात त्यातला हा पहिला. हातातला मोजा तिथेच राहिला. बायको न वळता म्हणाली, "आलास का? जा जरा बाहेर, आमचं काम चाललंय." मी गेलो. जिन्यात जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं होतं की अपमानाचं हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

उरलेल्या दिवसांत मी बायकोचं बघून शिकलो. शिकलो म्हणजे काय, ठकीकडे पाठ करायला शिकलो. भांडी घासत, बुटांना पॉलिश करत, तिच्याकडे न बघता म्हणायचं, ठके, मोठा चमचा दे, आणि हात मागे करायचा. हातात काय येईल त्याचा नेम नसायचा. कधी चमचा, कधी झाकण, कधी काहीच नाही, एकदा तिने स्वतःचाच हात दिला. तो मी थोडा वेळ धरून ठेवला. चमचे हळूहळू यायला लागले. पाण्याचं आधीपासून येत होतं असं दिसलं, कारण ओतताना पेल्याकडे बघावंच लागतं, नाहीतर पाय भिजतात. रंग मात्र येईनात. अवघड होतं ते माझं. न वळणं. मान आपोआप वळायची, बरोबर का चूक बघायला, आणि वळली की संपलं. बायको एकदा म्हणाली, "तुला तिच्याहून जास्त शिकवायला लागतंय." नाकाने कांदे सोलणाऱ्याला हे ऐकून घ्यावंच लागतं.

तपासणीच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो. दाराला धुरकट काच, आतली माणसं नुसत्या सावल्या. बाईंबरोबर आत जाताना ठकीने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मी, एवढं सगळं शिकलेला शहाणा, तिला तोंडभर हसून दाखवलं. दार बंद झालं. बायको म्हणाली, "पाय हलवू नकोस, बाक हलतोय." आतून आवाज येत नव्हता. पंचवीस मिनिटं झाली. मी मनात म्हणत होतो, लाल, लाल, जसं काही काचेतून पोचणार आहे. सहा हवेत. मोजे एक, चमचे दोन, पाणी तीन. पुढे मोजायला काही नव्हतं, तरी मी परत परत पहिल्यापासून मोजत होतो, की एखादं वाढेल. मग दार उघडलं, बाई बाहेर आल्या, आणि मी काय केलं असेल? त्यांच्या तोंडाकडे बघितलं. भुवया, ओठ, सगळं. काही सापडेना. "तीन," बाई म्हणाल्या. "ह्या वेळी जागा नाही मिळणार. सहा महिन्यांनी परत बसवू, जागा राहिली तर." बायकोने विचारलं, "कोणते तीन?" "मोजे, चमचे आणि पाणी." तिने मान हलवली, आपण लिहून ठेवलेलंच कोणी वाचून दाखवावं तशी. "माझ्या कागदांमुळे झालं," मी म्हणालो, "तुम्हाला वरून बोलणी बसली असतील." "बसली," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पहिली पाच मिनिटं ती खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. माझ्या, तपासणाऱ्या दोघींच्या. सगळ्या आम्ही दगडासारख्या बसलेल्या. कोणी काही देईना. मग तिने बघणं सोडलं आणि मोजे उचलले." ती पाच मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. तीन कोरी तोंडं आणि कुठेच काही लिहिलेलं नाही.

घरी आल्यावर मला वाटलं होतं मी रडेन. भूक लागली. आम्ही तिघांनी पोटभर जेवून घेतलं. पहिल्या घासाला मी मुद्दाम बायकोकडे बघून म्हटलं, "छान झालंय." ती म्हणाली, "मीठ जास्त पडलंय," आणि जेवत राहिली. संध्याकाळी तिने धुतलेल्या कपड्यांची बादली माझ्यापुढे ठेवली, मी गॅलरीत वाळत घालायला घेतले. ठकी मागून आली. तिला काही विचारायचं माझ्या मनात नव्हतं, कागद नव्हता, तपासणी नव्हती, मी दमलो होतो. अंघोळीचा मोठा टॉवेल पाणी पिऊन जड झाला होता, तो दोरीवर टाकला तर एका बाजूने घसरायला लागला. दोन्ही हात वर, तोंड टॉवेलात. "ठके, चिमटा दे गं," मी म्हटलं. मागे केलेल्या हातात एक लहान प्लास्टिकचा चिमटा आला. मी तो लावला, जाड घडीवर तो बसेना, उडून खाली पडला. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो आणि परत हात मागे केला. काही येईना. चिमट्यांच्या टोपलीत खळखळ ऐकू येत होती. टॉवेल घसरत होता, हाताला रग लागली होती, वळून बघावंसं वाटत होतं, आणि वळलो असतो तर टॉवेल खाली गेला असता. खळखळ थांबली. मग माझ्या हातात लाकडाचा मोठा चिमटा आला. मोठा दे असं मी म्हटलं नव्हतं. तो लावला, बसला. हात परत मागे गेला, न सांगता दुसरा मोठा आला, तो दुसऱ्या टोकाला लावला. तेव्हा मी वळलो. सगळा आनंद तोंडावर घेऊन वळलो, तो लपवता येणारच नव्हता, आणि म्हटलं, "शाबास ठके!" ठकीने माझ्याकडे बघितलं नाही. खालचा ओठ पुढे काढून, मान वर करून, ती टॉवेलाकडे बघत होती, राहतोय का ते.